लादीच्या पोटातला बर्फ

बर्फाच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला गारवा कुणी शिकवू नये, असं लादीवाल्याचं म्हणणं होतं, आणि बंदरावर ते सगळ्यांना मान्य होतं. त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठे उरलं नव्हतं. होड्या धक्क्याला लागल्या की त्याला हाका सुरू व्हायच्या. कोणता मासा बर्फाच्या किती चुऱ्यात ठेवायचा, लांब जाणाऱ्या पेटीत थरांमध्ये मीठ किती मारायचं, हे तो पेटीवर टिचकी मारून सांगायचा. मीठ मारलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी कडक गार होतो. त्याने भरलेली पेटी तीन दिवसांनी उघडली तरी मासा नुकताच मेल्यासारखा दिसायचा.

म्हणून प्रवासाच्या सकाळी मुलीचं औषध त्याने स्वतः भरलं.

मुलगी दहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. चौथ्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तसला नव्हे. पोरांना होतो तो, ज्यात गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनची सुईच लागते. जेवणाआधी पाण्यासारख्या स्वच्छ औषधाची, झोपताना दुधासारख्या गढूळ औषधाची. सुया बंद झाल्या तर पोर दोन दिवसांत हातची जाईल, असं डॉक्टरने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. सहा वर्षं ते सगळं बायकोने केलं. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा येईपर्यंत ती गेली. सासूबाई चार दिवसांची पिशवी घेऊन आल्या त्या आठ महिने राहिल्या. लादीवाला सुई भरायला शिकला, बोटाला टोचून मशीनवर साखरेचा आकडा बघायला शिकला. एवढं आलं म्हणजे सगळं आलं, असं त्याला वाटलं.

सासूबाईंचं घर डोंगराच्या पलीकडे. दर उन्हाळ्यात बायको भिंगरीला घेऊन बसने तिकडे जायची. लादीवाला एकदाही गेला नव्हता. उन्हाळा म्हणजे बर्फाचे दिवस, तेव्हा त्याला कोण सोडणार? "पुढच्या वर्षी नक्की," असं त्याने अकरा वर्षं सांगितलं. यंदा सासूबाई परत निघाल्या, भिंगरीच्या शाळेला सुट्टी लागली, आणि तो मालकासमोर जाऊन उभा राहिला. मालक म्हणाला, "जा. जुनी व्हॅनपण घेऊन जा."

बर्फाची लादी तयार होते तेव्हा तिची कड पांढरी असते, फुसकी. पोटातला बर्फ काचेसारखा, तो टिकतो. लादीवाल्याने तो पोटातला तुकडा काढून आणला, चुरा केला, कारखान्यातल्या मोठ्या थर्मासमध्ये भरला, मूठभर जाडं मीठ मारलं. सकाळची सुई देऊन झाल्यावर फ्रिजच्या दारातल्या चारही बाटल्या त्याने चुऱ्यात गळ्यापर्यंत खोचल्या. घरी एकही ठेवली नाही. ठेवून करायची काय?

"डोंगर संपला तरी वितळणार नाही," तो म्हणाला.

"मासे नेताय की औषध?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, माशाला जे जमतं ते औषधाला नको?"

सहाला गाडी निघाली. समुद्र डाव्या हाताला राहिला. भिंगरी पुढे मधल्या जागेवर, कारण खिडकीशी थर्मास ठेवला होता; सासूबाई मागे, हातात लिंबू, कारण वळणांवर त्यांना मळमळायचं.

"बाबा, तो सायकलवाला आपल्या पुढे गेला."

"जाऊ दे. त्याला घाई असेल."

"त्याच्या मागे कोंबड्यांची पाटी आहे. कोंबड्यांना कसली घाई?"

"आईबरोबर जायचीस तेव्हा बसवाल्यालाही असंच छळायचीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई खिडकीची जागा द्यायची. ही मधली आहे. मधल्या जागेवर बडबड लागते."

लादीवाला हसला. आठ महिन्यांत गाडीत, घरात, कारखान्यात कुठेही तो असा आवाज करून हसला नव्हता. भिंगरीने वळून आजीकडे बघितलं, आजीने लिंबू नाकाला लावलं.

साडेबाराला डोंगराच्या पायथ्याशी एका खाणावळीत थांबले. बाहेर झाडाखाली बाकडी होती. आकडा दोनशे दहा आला, म्हणजे जेवणाआधीची सुई घ्यायची. लादीवाल्याने थर्मास उघडला आणि चुऱ्यातून स्वच्छ औषधाची बाटली ओढून काढली. ती बाहेरून पांढरी पडली होती. सुई आत घातली, दांडा ओढला. काही येईना. बाटली आतून दगड झाली होती.

"बघा!" तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. "याला म्हणतात बर्फ. बाहेर ऊन बघा किती, आणि हे बघा."

त्याने बाटली तळहातांत घोळवली. पाच-सात मिनिटांत आतला खडा सुटला, विरघळला.

सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. "भिंगरीची आई अशी घट्ट झालेली कधी काढायची नाही," त्या म्हणाल्या.

"तिच्याकडे असा बर्फ नसायचा."

"नाही, म्हणजे... ती बर्फात घालायचीच नाही बहुतेक. मी काही नीट बघितलं नाही कधी."

"आई, माझं सगळं आयुष्य बर्फात गेलं."

यावर जावयाला काय बोलणार? त्याने सुई भरली, भिंगरीने दंड पुढे केला आणि दुसऱ्या हाताने अंडं सोलत राहिली.

चढ लागला. तासाभरात भिंगरीला तहान लागली. पाण्याची एक बाटली संपली, दुसरी संपली. मग लघवी. दर वळणाला गाडी थांबवायची, सासूबाई तिला झुडपाआड न्यायच्या, आणि आली की पुन्हा पाणी. तीन वाजता त्याने बोट टोचलं. तीनशे तीस.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"भिंगरे, खरं सांग. खाणावळीतल्या बाईने खायला गोड गोळी दिली?"

"दिली. मी आजीच्या पिशवीत टाकली."

त्याने पिशवी बघितली. गोळी होती. पण पाचला आकडा चारशेच्या तोंडाशी गेला तेव्हा त्याचा आवाज चढला. एक गोळी पिशवीत दिसली म्हणून दुसरी पोटात गेली नसेल कशावरून? आजीने तर काही दिलं नाही ना? त्याने दोघींकडे अशा नजरेने बघितलं की सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. भिंगरी रडली नाही. "तू आईसारखा विश्वास ठेवत नाहीस," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. त्याने आणखी एक सुई दिली, जरा जास्तच भरून.

रस्ता अर्धा चढून गेल्यावर एक विसाव्याचं घर होतं, सहा खोल्यांचं. अंधार पडल्यावर या रस्त्याने कुणी गाडी घालत नाही, असं तिथला माणूस म्हणाला. फोनला रेंज नव्हती. दवाखाना? मागे पायथ्याला, तीन तास. नाहीतर पुढे खिंड ओलांडून शहर, तेही तेवढंच. "पोरगी थकलीय हो, प्रवासाने होतं असं. झोपली की बरं वाटेल." लादीवाल्याला ते पटलं, कारण त्याला ते पटायला हवं होतं. त्याने जेवणाची सुई दिली, झोपतानाची दिली. दुधाळ बाटली हलवताना तिच्या काचेला आतून कण चिकटलेले त्याला दिसले. पुन्हा हलवलं. कण राहिले. हे औषध हलवूनच घ्यायचं असतं, एवढं त्याला माहीत होतं.

सकाळी भिंगरीला उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखतंय म्हणाली. ती श्वास घेत होती तो धावून आलेल्या माणसासारखा, खोल, मोठा, आणि ती तर पडून होती. तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मशीनवर आकडाच उमटला नाही. नुसती दोन अक्षरं आली. साखर मशीनच्या आवाक्याबाहेर गेली की तसं होतं. त्याने पुन्हा सुई भरली, दुप्पट. मग तिला उचलून मागच्या बाकावर सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी पुढे काढली, शहराच्या दिशेने. आता मागे कोणता सायकलवाला आहे नि पुढे कोणता, कुणी सांगत नव्हतं.

सव्वानऊला खिंडीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. तो रांग सोडून उजवीकडून थेट पुढे गेला, शिव्या खात, आणि फाटकाला भिडला. आडवा लोखंडी दांडा, लाल झेंडी घेतलेला माणूस.

"पुढे सुरुंग लावलेत. रस्ता रुंद करतायत. एक वाजता सोडणार."

"माझी मुलगी मरतेय."

झेंडीवाल्याने गाडीत वाकून बघितलं. त्याचं तोंड बदललं. तो हातातल्या वायरलेसवर पलीकडच्या माणसाशी बोलला, एकदा, दोनदा, आवाज चढवून. मग मान हलवली. "सात वाजताच उडवलेत दादा. अख्खा रस्ता दगडाने भरलाय. गाडी सोडा, बकरी जाणार नाही. यंत्रं उपसतायत. लवकर उरका म्हणून सांगितलंय. पण बाराच्या आत नाहीच."

"मागे जातो मग."

"मागे पायथा म्हणजे पाच-सहा तास. त्यापेक्षा इथे थांबलेलं बरं."

लादीवाल्याने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग तो गाड्यांच्या रांगेकडे तोंड करून ओरडला, "कुणी डॉक्टर आहे का?"

डॉक्टर नव्हता. चौथ्या गाडीतून एक बाई उतरली, पन्नाशीची, पायात साधे बूट. खेड्यांतून लसी टोचत फिरणारी परिचारिका होती. ती व्हॅनमध्ये चढली, भिंगरीचा श्वास बघितला, तोंडाचा वास घेतला, डोळ्यांची पापणी उचलली.

"इन्सुलिनवर आहे ना? कधीपासून चुकलं?"

"चुकलं नाही. एकही सुई चुकली नाही. उलट जास्त दिल्या."

"बाटल्या दाखवा."

त्याने थर्मास पुढे केला. तिने झाकण उघडलं आणि आत बघत राहिली. बर्फ अजून तसाच होता. तिने बोट आत घातलं, झटकन बाहेर काढलं, जिभेला लावलं.

"मीठ घातलंय?"

"हो. म्हणजे टिकतो."

तिने दुधाळ बाटली काढली, चोळून मोकळी केली, हलवली आणि उजेडात धरली. काचेला दह्यासारखे कण चिकटून बसले होते. "गोठलं होतं हे. चारही?"

"हो."

"बऱ्याचशा लसी गोठल्या की आम्ही फेकून देतो. याचंही तसंच. एकदा गोठलं की मेलं. मग गरम करा, हलवा, काही करा, ते पाणीच. कालपासून तुम्ही पोरीला पाणी टोचताय."

तो व्हॅनच्या पायरीवर बसला. आत सासूबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी भिंगरीच्या कपाळावरचा हात काढला नाही.

"बसायला वेळ नाही," परिचारिका म्हणाली. "माझ्याकडे लसी आहेत, इन्सुलिन नाही. पण इथे दीडशे गाड्या उभ्या आहेत. दीडशे गाड्यांत एका तरी माणसाला साखर असणार आणि त्याच्या पिशवीत बाटली असणार. पाण्यासारखं स्वच्छ, लगेच लागू पडणारं, तेच हवं. दुधाळ आणू नका. मी पोरीजवळ थांबते. पळा."

तो पळाला.

पहिल्या गाडीची काच खाली झाली नाही. आतल्या माणसाने हातानेच 'पुढे जा' केलं, भिकाऱ्याला करतात तसं. दुसऱ्या गाडीत एक जोडपं झोपलं होतं. तिसऱ्यात आजोबांना साखर होती, पण गोळ्या होत्या. "गोळ्या चालतात का बघा ना, चांगल्या कंपनीच्या आहेत." एका ट्रकवाल्याने डोकेदुखीचं मलम दिलं, मनापासून. एका मोठ्या गाडीतल्या बाईने ऐकून घेतलं, मांडीवरची पर्स दुसऱ्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "नाही हो." तिच्या पर्सकडे त्याने बघितलं. ती म्हणाली, "माझ्यापुरतंच आहे आणि ते दुसरं असतं. रात्रीचं." खरं होतं की खोटं, कोण जाणे. भांडायला त्याच्याकडे मिनिट नव्हतं.

आठ महिने तो अनोळखी माणसांशी बोलायचं टाळत आला होता. दुकानदाराला बोटाने वस्तू दाखवायचा. आता काचा ठोकताना त्याच्या तोंडून नुसतं "मुलगी... औषध..." एवढंच यायचं आणि लोकांना वाटायचं वर्गणी मागतोय. रांगेच्या पार मागे एक बस होती. तो दारात चढला आणि तसाच पुटपुटला. चालकाने कानाला हात लावला.

"अहो, इथे चाळीस माणसं कोंबलीत. लाजताय काय? बोंब मारा!"

आणि लादीवाल्याने बोंब मारली. धक्क्यावर मारायचा तशी. "माझी मुलगी मरतेय! दहा वर्षांची आहे! तिचं इन्सुलिन मी खराब केलं, मी! कुणाकडे आहे का? स्वच्छ, पाण्यासारखं! कुणाकडे आहे का हो?"

मागून एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमच्याकडे आहे की."

"गप्प बस," शेजारचा म्हातारा म्हणाला.

"काय गप्प बस? खिशात बाटली घेऊन बसलाय आणि—"

"एकच आहे! परत जाईपर्यंत पुरवायचीय. आज हा आला, उद्या मी कुणाच्या बसमध्ये बोंब मारू?"

"एक घास कमी खा. मरत नाही तेवढ्याने. तीस वर्षं मीच सांगतेय."

म्हातारा शिंपी होता. गळ्यात अजून मापाची पट्टी, प्रवासातही. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, बाटली चाचपली आणि हात तिथेच ठेवला. लादीवाल्याने दोन्ही हात पुढे केले.

"देणार नाही," शिंपी म्हणाला. "हातात देणार नाही. तुम्हीच म्हणताय तुमची खराब केलीत. मी स्वतः येतो. लागेल तेवढं माझ्यासमोर काढा, बाटली माझ्या खिशात परत."

"चला. लवकर चला."

शिंपी काठी घेऊन उतरला. एक पायरी. मग दुसरी. मग थांबला, धोतर आवरल्यासारखी विजार वर ओढली. फाटकापर्यंत चढाचा पाऊण किलोमीटर रस्ता होता. दहा पावलं चालला आणि दम खायला उभा राहिला.

"गुडघ्यांचं दुखणं आहे," तो म्हणाला. "बायपास पण झालंय. सावकाश जाऊ."

लादीवाल्याने एकदा वरच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग त्याच्यासमोर पाठ करून खाली बसला.

"बसा."

"काय?"

"पाठीवर बसा. दीडशे किलोची लादी उचलायला मी रोज हात लावतो. तुम्ही किती भराल?"

"मी काही लादी नव्हे हो—"

"बाबा, बसा!" तो इतक्या जोरात ओरडला की शिंपी काठीसकट बसला.

उन्हात, चढावर, पाठीवर म्हातारा घेऊन तो निघाला. खरं तर लादी ओढायला लोखंडी आकडा असतो आणि ती घसरते. माणूस घसरत नाही, हलतो. शिंपी कानाशी सारखा बोलत होता, "हळू, हळू, बाटली आहे खिशात, आपटाल," आणि मधेच, "काय वय म्हणालात पोरीचं?" आणि मधेच, "आई कुठाय तिची?"

"नाही," लादीवाला म्हणाला.

त्यानंतर शिंपी काठी उगारून पुढच्या लोकांना बाजूला करत राहिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्यालाच झटका आलाय. ज्याने भिकाऱ्याला करतात तसा हात केला होता त्याने दार उघडून विचारलं, "पाणी देऊ का आजोबांना?" लादीवाला थांबला नाही.

व्हॅनमध्ये भिंगरीचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. परिचारिकेने भिंगरीची कोरी सुई घेतली, शिंप्याच्या बाटलीतून भरली, रेषांवर दोनदा नजर फिरवली. बाटली शिंप्याच्या अंगाने कोमट झालेली होती.

"ही खिशात असते?" लादीवाल्याने विचारलं. "फ्रिज नाही?"

"चालू बाटली महिनाभर खिशातच. गार टोचली की झोंबते," शिंपी म्हणाला. "का?"

लादीवाल्याने थर्मासचं झाकण लावलं.

"याने पोरगी बरी होणार नाही," परिचारिका म्हणाली. "सलाईन लागेल, दवाखाना लागेलच. ही फक्त तोवर धरून ठेवेल. दोन तासांनी पुन्हा देऊ. घोट घोट पाणी पाजा. उलटी झाली तरी पाजा."

मग बसून राहण्याखेरीज काम उरलं नाही. दहा पन्नास. भिंगरीने पाणी घेतलं, ओकली, पुन्हा घेतलं. सव्वाअकरा. श्वास तसाच, भात्यासारखा. लादीवाला पायरीवर बसून तिचे श्वास मोजत होता. चुकला की पहिल्यापासून मोजायचा. आतून सासूबाई अचानक बोलल्या.

"मला दिसलं होतं."

त्याने वर बघितलं.

"हिची आई यायची तेव्हा भिंगरीच्या फ्रॉकात गुंडाळलेली बाटली असायची. आत ओलं फडकं. बर्फ नसायचा. मला काल दुपारीच आठवलं होतं. तुम्ही एवढ्या खुशीत होतात, म्हटलं, जावयाला कुठे शिकवायचं? तोंड उघडलं नाही मी."

"उघडलं होतंत. मी मिटवलं."

"एकदाच उघडलं. पुन्हा उघडायचं होतं." त्यांनी पदराने भिंगरीची हनुवटी पुसली. "माझी एक गेली तेव्हा मी जवळ नव्हते. ही जाईल तर माझ्या मांडीवर, आणि मी गप्प बसले म्हणून."

शिंपी सावलीला दगडावर बसला होता. त्याने मान वळवली. त्याच्याने ते ऐकवेना.

साडेबाराला परिचारिकेने दुसरी सुई दिली. मशीनवर तीच दोन अक्षरं. मात्र भिंगरी बोलली, कोरड्या ओठांनी, कुणाकडे न बघता. "मी गोळी नव्हती खाल्ली."

"माहीत आहे," लादीवाला म्हणाला. "माहीत आहे मला. बाबा चुकला. तू नाही."

तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

पाऊणला झेंडीवाल्याने दांडा उचलला, बाकी सगळ्यांना अडवून फक्त व्हॅनला वाट दिली. परिचारिका आपली गाडी मागून आणा म्हणून सांगून व्हॅनमध्येच बसली. शिंप्याने बाटली उजेडात धरली. तळाशी दोन-तीन दिवसांचं राहिलं असेल. त्याने ती खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली, आणि व्हॅन हलली तेव्हा खिडकीतून सासूबाईंच्या हातात कोंबली. "वाटेत लागली तर. माझं मी बघेन. दिली नाही तर आमची बया सोडायची नाही मला." मग तो काठी टेकत उताराला लागला.

शहराच्या दवाखान्यात सव्वादोनला पोचले. भिंगरीला आत नेलं, दार लोटलं. त्यानंतर चार तास त्या दारातून माणसं आत-बाहेर करत राहिली आणि प्रत्येक जण बाहेर आला की लादीवाला उठून उभा राहायचा. तरुण डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "उशीर झालाय. मेंदूला सूज यायची भीती असते. आत्ता काही सांगत नाही." दुसऱ्यांदा आल्या तेव्हा हातातला कागद वाचत निघून गेल्या. सासूबाई बाकावर ताठ बसून होत्या. परिचारिका तीन वाजता आपल्या कामाला गेली होती. तिचे आभार मानायचे राहिले, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

सव्वासहाला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आकडा आला होता. चारशे दहा. वाईटच, पण आकडा. श्वास खाली बसत होता. पोरीने नर्सला विचारलं होतं, ही खिडकीची खाट आहे का मधली.

सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या रडायला लागल्या, आवाज करून, आठ महिन्यांचं. लादीवाला रडला नाही. तो डॉक्टरीणबाईंच्या मागे मागे कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत गेला.

"आता घरी नेल्यावर सुया तुम्हीच देणार ना?" त्यांनी कागद लिहिता लिहिता विचारलं. "सहा वर्षं औषध घरात आहे म्हणता. गोठवायचं नसतं, एवढं कुणी सांगितलं नाही?"

"जिला माहीत होतं तिला मी विचारलं नाही."

त्यांनी वर बघितलं.

"मला पहिल्यापासून शिकवा," तो म्हणाला. "काही येतं असं धरू नका. बाटली कुठे ठेवायची, किती गार चालते, बाहेर किती दिवस राहते, उन्हात काय, प्रवासात काय, खराब झाली ते कसं ओळखायचं. मला सुई भरता येते, तेही पुन्हा दाखवा."

"आत्ता? माझी ड्यूटी संपलीय."

"मग तुमच्या जागी कोण येणार?"

"सिस्टर येतील. त्यांना विचारा."

सिस्टर सातला आल्या. त्यांनी अजून पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. लादीवाला उठून उभा राहिला, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. त्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं, आणि दुसरा विचारला. बाकावरून सासूबाई उठल्या, त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि तिसरा त्यांनी विचारला.